तेवीस डोकी आणि एक अर्धी दाढी

आमच्या गावाचा इतिहास दोन तास दहा मिनिटांचा आहे. त्याहून एक मिनिट जास्त नाही, कारण बस थांबत नाही.

नीट सांगते. गावापासून अकरा मिनिटांवर विमानतळ आहे. चांगला मोठा, जगातली निम्मी माणसं तिथं विमान बदलायला उतरतात म्हणे. ज्यांचं पुढचं विमान सहा तासांनी असतं ती बिचारी खुर्च्यांवर वेडीवाकडी पडलेली असतात. त्यांच्यासाठी विमानतळानं एक फलक लावलाय, ‘जवळची टुमदार ऐतिहासिक गावं’. फलकावर चार नावं होती. आता तीन आहेत, चौथ्यावर पांढरा रंग फासलाय. बसनं यायचं, इतिहास बघायचा, फोटो काढायचे, परत बसमध्ये बसायचं आणि विमानात बसून भुर्र. दिवसाला अशा तीन बस.

इतिहास दाखवते मी. लाल छत्री उंच धरून पुढे चालते ना, ती मीच. आधी वेस, मग विहीर, मग घड्याळाचा मनोरा, मग ती गल्ली जिच्यात दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, आणि शेवटी आमच्या ह्यांचं सलून. विहीर चारशे वर्षांची असं मी सांगायचे. एकदा बसचं चाक पंक्चर झालं, वेळ काढायचा होता, म्हणून सहाशे सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मग सहाशेच ठेवली. गावकऱ्यांनाही नियम आहेत. दोरीवर पांढऱ्या चादरीच वाळत घालायच्या. बस गावात असेपर्यंत टीव्ही लावायचा नाही. आणि गावसमितीच्या अध्यक्षांनी वेशीजवळच्या बाकावर बसून लांब कुठंतरी बघत राहायचं. ते काम त्यांना छान जमतं. दुसरं कुठलं जमल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही.

सलूनमधली खुर्ची मात्र खरंच एकशे तीस वर्षांची आहे. लोखंडी, जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेली. आमच्या इतिहासातली तेवढी एकच गोष्ट मी शपथेवर सांगू शकते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या तोंडून मुख्यतः एकच शब्द ऐकला, ‘बरं’. भाजी संपली, बरं. छत गळतंय, बरं. तुमच्या आईनं माझं डोकं उठवलंय, बरं. एकदा मी चिडून म्हणाले, मी माहेरी चालले, ती कायमची. बरं म्हणाले, माझी पिशवी उचलली आणि स्टॉपपर्यंत सोडायला आले. मीच परत फिरले मग. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

पण हात! त्या हातांना काही तोड नाही. ह्यांनी गालाला फेस लावला की माणूस झोपतो. हमखास झोपतो. गावातले तंटेखोर म्हातारेसुद्धा त्या खुर्चीत पाळण्यातल्यासारखे निजतात आणि पाव तासानं ताजेतवाने होऊन पुन्हा भांडायला जातात. आणि ह्यांचा एक नियम आहे, हातात घेतलेली दाढी अर्धी सोडायची नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यानं पेट घेतला. मी बोंब मारत सलूनमध्ये गेले. ह्यांनी गिऱ्हाइकाचा डावा गाल पुरा केला, तुरटी फिरवली, कापड झटकलं आणि मग आले. तोवर मी बादलीभर पाणी ओतून मोकळी झाले होते.

गावातलं प्रत्येक डोकं ह्यांच्या हाताखालून गेलंय. माझे केस कंबरेपर्यंत, पण अठ्ठावीस वर्षांत त्यांना ह्यांचा हात म्हणून लागला नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, अहो, जरा टोकं कापून द्या. बरं म्हणाले. ते बरं अजून यायचंय.

तर मोजणी. विमानतळाच्या दारात एक बाई बसते. पाहुण्यांचे पासपोर्ट तिच्या खणात ठेवून घेते आणि बसबरोबर एक चिठ्ठी देते, ‘इसम तेवीस’. बसमध्ये जागाच तेवीस. परत आल्यावर ती हातातलं बटण दाबत डोकी मोजते, टक, टक, टक. तेवीस भरली की पासपोर्ट वाटते आणि सगळ्यांना आत हाकते. चेहरे बघायची तिला फुरसत नाही आणि तसा नियमही नाही. नियम एवढाच, की डोकं कमी भरलं तर गाव फलकावरून खाली. चौथ्या गावात एक आजोबा झाडाखाली बसले ते बसलेच, म्हणाले मला इथंच बरं वाटतंय. बावीस डोकी परत गेली. आठवड्याच्या आत नावावर रंग. आज त्या गावात बॅगांचं गोदाम आहे आणि तिथल्या गाईडबाई विमानतळावर पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगा सरळ करतात. मी त्यांना बघितलंय. इतिहास सांगायची सवय जात नाही, प्रत्येक बॅगेशी काहीतरी पुटपुटत असतात.

त्या दिवशीच्या दुसऱ्या बसमधून निळा स्वेटर घातलेले एक धिप्पाड गृहस्थ उतरले. डोळे लालभडक. विहिरीपाशी मी विचारलं, “बरं नाही का?” तर म्हणाले, “नऊ दिवस झोपलो नाही. विमानात झोप येत नाही, आणि मी सारखा विमानातच असतो.” मला काय, मी सहानुभूतीनं मान हलवली आणि मनोऱ्याकडे वळले.

सलूनमध्ये दर बसमधल्या एका पाहुण्याची मी दाढी करून घेते, ऐतिहासिक खुर्चीत ऐतिहासिक दाढी. बाकीचे कडेनं उभे राहून बघतात. “कोण बसतंय?” मी म्हणाले, तर निळे पाहुणे बसलेसुद्धा. ह्यांनी फेस केला, ब्रश फिरवला. पाहुण्यांच्या वाढलेल्या दाढीचा उजवा गाल साफ होईपर्यंत ते घोरायला लागले. नऊ दिवस न झोपलेला माणूस, आणि त्याला ह्यांच्या हाताखाली बसवलं मी! अक्कल कुठं गहाण ठेवली होती कोण जाणे.

बाहेर भोंग्यानं हॉर्न दिला. भोंगा म्हणजे आमचा बस ड्रायव्हर. हॉर्न देण्याची इतकी हौस, की गावानं त्याचं मूळ नाव कधीच विसरून टाकलं.

“उठा हो पाहुणे,” मी म्हणाले. मग खांदा हलवला. मग चिमटा काढला. मग तोंडावर पाण्याचा हबका मारला, तर झोपेतच त्यांनी ओठ पुसले आणि हसले. उचलून न्यावं म्हटलं, तर दोन्ही हातांनी खुर्ची अशी धरलेली की खुर्चीसकटच न्यावं लागलं असतं, आणि खुर्ची जमिनीत बोल्टांनी बसवलेली. अध्यक्ष धावत आले, बघून गेले. बाकीचे बावीसजण बसमध्ये जाऊन बसले. भोंग्यानं दुसरा हॉर्न दिला. तिसऱ्याला बस सुटते, मग देव आला तरी थांबत नाही.

डोळ्यांसमोर फलक, फलकावर पांढरा रंग, आणि मी पट्ट्याशी उभी राहून बॅगा सरळ करतेय.

“अहो,” मी म्हणाले, “तुम्ही बसा बसमध्ये.”

ह्यांनी वस्तरा हवेतच धरून माझ्याकडे बघितलं.

“नुसती डोकी मोजतात. मोजणी झाली की या भोंग्याबरोबर परत. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.”

“अर्धी राहिलीय,” हे म्हणाले.

माझं काळीज तेव्हाच चरकायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत ‘बरं’ सोडून दुसरं काहीतरी बोललेला माणूस! पण मी घाईत. “जाऊ दे ती दाढी! गाव जाईल गाव! निघा!”

ह्यांनी वस्तरा पुसला, पाहुण्यांच्या गळ्याभोवतीचं कापड नीट केलं, डाव्या गालावरच्या फेसाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “बरं.”

आणि गेले. सपाता घालून, खिशात कंगवा आणि कात्री ठेवून. मीच पाठवलं, ह्याच तोंडानं.

अर्ध्या तासानं भोंगा रिकामी बस घेऊन आला. सीटवर बसूनच म्हणाला, “वहिनी, दादा आत गेले.”

“आत म्हणजे?”

“तेवीस भरले. बाईंनी पासपोर्ट वाटले, उरलेला दादांच्या हातात दिला. आणि सगळ्यांना आत घेतलं. ते दार एकाच बाजूनं उघडतं, वहिनी.”

“आणि तू काय करत होतास?”

“हॉर्न देत होतो.”

मी विमानतळावर फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सगळे तेवीस प्रवासी विमानात सुखरूप बसलेत, काळजी नसावी. पुढचं मला नंतर कळलं. ह्यांची कंगवा-कात्री काढून घेतली, हे म्हणाले बरं. ह्याच विमानानं जायचंय का विचारलं, हे म्हणाले बरं. खिडकीशी बसाल का, बरं. त्या एका शब्दावर माणूस समुद्रापार जाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस आणि दाढीचं जंगल. मी सगळी हकीकत सांगितली, आता हे ओरडणार, पोलीस बोलावणार म्हणून जीव मुठीत धरून उभी राहिले. पाहुण्यांनी आरशात बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

“फेरी बारा दिवसांची असते,” ते म्हणाले. “माझ्या तिकिटावर नऊ गावं आहेत. बाराव्या दिवशी तुमचे यजमान इथंच विमान बदलतील, सहा तास थांबतील, मग पुन्हा पुढची फेरी. तोवर मी थांबतो.”

“म्हणजे बारा दिवस सगळीकडे तुमच्या जागी हे? पण तुमचं काम काय?”

“सरकते जिने तपासायचे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसानं आयुष्यात आमच्या माळ्याची शिडी तपासली नव्हती.

“निदान ती दाढी तरी पुरी करून घ्या,” मी म्हणाले आणि वस्तरा उचलला. पाहुणे खुर्चीतून असे उडाले की काय विचारता.

“नको,” ते म्हणाले. “ज्यांनी सुरू केलीय तेच पुरी करतील. तसा हात पुन्हा लागेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला गाल दाखवणार नाही.”

झालं. अर्ध्या दाढीचा हा माणूस आमच्या माळ्यावर राहायला लागला. उजवा गाल मात्र रोज सकाळी स्वतःच आरशात बघून साफ करायचा, तो पुरा झालेला होता म्हणे. सासूबाईंना तर आनंदाचं भरतं आलं. “माझा मुलगा कधी उलटून बोलला नाही गं,” त्या म्हणाल्या, “ह्याच्याशी बोलायला मजा येते, हा नाही म्हणतो.” दिवसभर दोघं विहिरीच्या वयावरून वाद घालत बसायचे. बसमधल्या पाहुण्यांना मी अर्धी दाढी ही गावची जुनी रीत आहे असं सांगितलं. चौघांनी फोटो काढले आणि एकानं डायरीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सलूनमधला फोन वाजला.

“हॅलो,” मी म्हणाले.

“मी.”

“अहो, कुठं आहात?”

“बर्फ आहे.”

“बर्फ काय! देश कुठला?”

“विचारतो,” म्हणाले. मग बराच वेळ कुणाकुणाचे आवाज. मग म्हणाले, “सांगितलं. नीट कळलं नाही.”

“अन् तिथं करताय काय?”

“एकजण पाटी घेऊन उभा होता. गाडीत बसवलं. एका मोठ्या दुकानात नेलं. जिना दाखवला. मी वर गेलो, खाली आलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बरं म्हणालो.”

“मग?”

“टाळ्या वाजवल्या. आजपर्यंत कुणी बरं म्हणालं नव्हतं म्हणे. फुलं दिली.”

मला हसावं की रडावं कळेना. आणि मग हे म्हणाले, “त्यांची दाढी अर्धी राहिलीय. कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको इथं तीन दिवस अन्नाला शिवलेली नाही आणि ह्यांना दाढी! “दाढीचंच विचारा!” मी ओरडले. “माझं काही विचारू नका!”

मला वाटलं फोन तुटला.

“छत गळतंय का गं?” हे म्हणाले.

“नाही.”

“बरं,” म्हणाले आणि मग खरंच फोन तुटला.

मी त्या खुर्चीच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. कशासाठी ते सांगते, लपवायचं काय त्यात. मला माझा नवरा परत हवा होता. गाव नको, फलक नको, सहाशे वर्षं नकोत. तो बरं म्हणणारा माणूस मला माझ्या घरात, माझ्यासमोर बरं म्हणायला हवा होता.

पाहुणे तसे शब्दाचे पक्के. बाराव्या दिवसाची सगळी आखणी त्यांनीच केली. हे दुसऱ्या बसनं येणार. दोन तास दहा मिनिटांत दाढी पुरी होणार. मग ह्यांच्या गळ्यातलं प्रवाशाचं कार्ड पाहुण्यांच्या गळ्यात, पाहुणे बसमध्ये, हे घरात, डोकी तेवीसच्या तेवीस. “मोजणारी बाईसुद्धा खूश आणि तुम्हीसुद्धा,” ते म्हणाले. आदल्या दिवशीच बॅग भरून त्यांनी दाराशी ठेवली. सासूबाई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बारावा दिवस. बसमधून हे सातवे उतरले. अंगात कोट, पायात बूट, हातात चाकांची बॅग, गळ्यात पट्टीला लटकवलेलं कार्ड. मला धावत जावंसं वाटलं, पण बाकीच्या बावीस माणसांसमोर शोभा नको. मी छत्री उघडली आणि वेस दाखवायला लागले.

हे सगळ्यांच्या मागे उभं राहून ऐकत होते. माझा इतिहास आयुष्यात पहिल्यांदा. विहिरीपाशी मी म्हणाले, “ही विहीर सहाशे वर्षांची.”

“चारशे ना?” हे हळूच म्हणाले.

बावीस माना माझ्याकडे वळल्या. “मधे चाक पंक्चर झालं होतं,” मी म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

अरुंद गल्लीत मी सगळ्यांना एकेक करून पार केलं आणि हे का आले नाहीत बघायला परत आत शिरले. हे समोरून येत होते. मधोमध आम्ही समोरासमोर आलो आणि अडकलो. एकानं मागे सरायला हवं. कुणीच सरलं नाही.

“वाळलात,” मी म्हणाले.

“तूही,” हे म्हणाले.

गल्लीच्या टोकाला कॅमेरे खटखटत होते. बघा बघा, दोन माणसं खरंच ओलांडू शकत नाहीत! म्हटलं, काढा किती फोटो काढायचे ते. तेवढीच चार मिनिटं माझ्या वाट्याला आली.

सलूनमध्ये पाहुणे खुर्चीत तयार बसले होते. डाव्या गालावरची दाढी पार अस्ताव्यस्त वाढलेली. ह्यांनी कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या सरसावल्या आणि ब्रश पाण्यात बुडवला. कुणी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. आधी कात्री चालली, मग फेस, मग वस्तरा. खोलीत तेवढाच खर्र खर्र आवाज. पंचवीसजण श्वास रोखून बघत होतो. ह्यांनी शेवटचा हात फिरवला, तुरटी लावली, कोमट कापड गालावर ठेवलं आणि बाजूला झाले. चेहरा असा खुलला होता की बघत राहावं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“उठा आता,” मी म्हणाले. “कार्ड घाला गळ्यात.”

उत्तर म्हणून एक घोरणं आलं. लांबलचक, समाधानी. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

अगं आई गं! बारा दिवस आम्ही दोघांनी आखणी केली, घड्याळं लावली, बॅग भरली, आणि ह्यांच्या हाताखाली माणूस झोपतो एवढी एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही! मला हे सुचायला नको होतं? मीच तर ते रोज तीन बसना सांगते!

हलवलं. चिमटे काढले. पाणी मारलं. पाहुणे हसले आणि ओठ पुसले.

भोंग्यानं पहिला हॉर्न दिला.

मी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष लांब कुठंतरी बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, “मी गेले असते गं, पण माझे गुडघे. जिने कसे चढू?”

“आई, ते सरकते असतात,” हे म्हणाले.

“मग उतरू कशी?”

ह्यांनी खुंटीवरचा कोट काढला. एक हात बाहीत घातला. “बरं,” म्हणाले. “मी जातो.”

मी त्या कोटावर झडपच घातली. “डोंबलाचं बरं!” मी ओरडले. “एकदा पाठवलं ह्या तोंडानं, तेवढं पुरे झालं. बारा दिवस काय काढलेत मी, माझं मला ठाऊक! तुम्ही कुठंही जायचं नाही. आण ते कार्ड.” इतकी चिडले होते की नवऱ्याला अरेतुरे झालं, ते नंतर लक्षात आलं. कार्ड ह्यांच्या गळ्यातून काढून मी माझ्या गळ्यात घातलं. छत्री सासूबाईंच्या हातात दिली. “पुढची बस तासाभरानं आहे. जमेल तेवढा इतिहास सांगा.”

“जमेल तेवढा काय?” सासूबाई म्हणाल्या. “मला तर सगळा आठवतोय.”

दुसरा हॉर्न झाला. मी दाराकडे वळले.

“थांब,” हे म्हणाले.

हा शब्द मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी थांबले.

“बस.”

खुर्चीत पाहुणे घोरत होते. ह्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पायानं पुढे ओढलं. मी बसले. ह्यांनी माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, अंबाडा सोडला आणि मधोमध भांग पाडला. मग उजवीकडचे केस विंचरायला लागले, वरून खालपर्यंत, सावकाश. बाहेर बावीसजण बसमध्ये, भोंग्याचा हात हॉर्नवर, आणि हे विंचरतायत. मला काही बोलायचं होतं, पण डोळेच मिटायला लागले. नऊ दिवस न झोपलेला तो माणूस का झोपला, ते मला तेव्हा कळलं.

कात्रीचा आवाज झाला. उजवीकडचे सगळे केस, कानाच्या खालपासून. ह्यांनी टोकं सारखी केली, फुंकर मारली, माझ्या मानेवरचे केस झटकले. आणि कात्री खाली ठेवली.

मी आरशात बघितलं. उजवीकडे कानापर्यंत, डावीकडे कंबरेपर्यंत.

“अहो, हे काय?”

“अर्धे राहिलेत,” हे म्हणाले. “बारा दिवसांनी.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. सांगण्यासारखं खूप होतं, अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं.

“बरं,” मी म्हणाले.

तिसऱ्या हॉर्नला मी बसच्या पायरीवर होते.

विमानतळाच्या दारात मोजणीच्या बाईनं टक टक सुरू केलं. माझ्यापाशी येऊन तिचा अंगठा थबकला. तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड वाचून खणातून पासपोर्ट काढला आणि त्यावरचा भरगच्च दाढीवाला फोटो बघितला. मग माझं डोकं बघितलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. इतक्या वर्षांत तिनं बहुतेक पहिल्यांदाच कुणाचं तोंड नीट बघितलं असावं.

“हे असं अर्धंच का?” तिनं विचारलं.

“ज्यांनी सुरू केलेत,” मी म्हणाले, “तेच पुरे करतील. मला परत यायचंय.”

तिनं थोडा विचार केला आणि बटण दाबलं. तेवीस.